नाक मुरडण्याचा इतिहास

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आणि हिंदी चित्रपटगीतं देशाच्या कानांना बरी नाहीत असं त्यांनी ठरवून टाकलं. शब्द उथळ, शृंगार सवंग, वाद्यमेळ विलायती वळणाचा, असा आक्षेप होता. आकाशवाणीवर या गाण्यांचा वाटा आधी कमी झाला. मग गाण्यांची चाळणी सुरू झाली. चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही थांबलं. निर्माते चिडले, त्यांनी प्रक्षेपणाचे परवाने काढून घेतले आणि थोड्याच महिन्यांत चित्रपटसंगीत सरकारी रेडिओवरून जवळजवळ नाहीसं झालं. श्रोते मात्र कुठे गेले नाहीत, त्यांनी फक्त रेडिओची सुई कोलंबोकडे फिरवली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि दर बुधवारी संध्याकाळी घरोघरचे कान तिकडे लागू लागले. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. तेव्हाही खात्याचे मंत्री केसकरच होते.

ही हकीकत एरवी गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती आज आठवते ती वेगळ्या कारणासाठी. केसकरांनी ज्यांच्यावर दार लावलं ती गाणी कुणाची होती? नौशाद, अनिल विश्वास, सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन यांची. लता, तलत आणि रफी यांच्या आवाजातली. म्हणजे आज एखादे काका लग्नाच्या हॉलमध्ये कपाळाला आठ्या घालून ‘हल्लीची गाणी म्हणजे नुसता धिंगाणा, आमच्या वेळचा सुवर्णकाळच वेगळा’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनातला सुवर्णकाळ म्हणजे नेमका केसकरांचा धिंगाणा असतो. त्याच १९५२ च्या ऑक्टोबरात ‘बैजू बावरा’ प्रदर्शित झाला. त्यात उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुस्कर यांची देसी रागातली जुगलबंदी आहे. पलुस्कर म्हणजे विष्णु दिगंबरांचे चिरंजीव. शास्त्रीय संगीताच्या घराण्यातला याहून अस्सल दाखला कुठून आणायचा? तरी ती जुगलबंदी मोडत होती त्याच वर्गात, ज्याला रेडिओवर जागा नव्हती. वर्गाचं नाव खराब, म्हणून आतला सूरही खराब.

केसकरांना खलनायक करायचं नाही. त्यांच्याच काळात शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रेडिओ संगीत संमेलनं सुरू झाली. संस्थानं गेली होती, राजाश्रय आटला होता, तेव्हा आकाशवाणीच्या मानधनावर कितीतरी गवयी आणि वादकांची घरं चालली. शास्त्रीय संगीताला आधार देणं हे सरकारचं काम होतं आणि ते चांगलं झालं. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. एकाला वर उचलायचं तर दुसऱ्याला खाली दाबलंच पाहिजे, ही समजूत कुठून आली, मला कळत नाही. पुणे केंद्राचंच उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, तिथून ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि वर्षाहून थोडं अधिक काळ आठवड्याला एक अशी छप्पन्न गीतं महाराष्ट्राने अक्षरशः पूजा केल्यासारखी ऐकली. कवी ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके. दोघेही चित्रपटातली माणसं! चित्रपटांसाठी लिहून आणि चाली बांधूनच दोघांचा हात तयार झालेला. नेमक्या शब्दात प्रसंग उभा करायचा, मोजक्या मिनिटांत चाल मनात रुजवायची, ही चित्रपटाच्या धंद्यातलीच कमाई. खात्याला जो वर्ग नकोसा होता, त्याच वर्गातल्या दोघांनी खात्याला त्याचा सर्वात लाडका कार्यक्रम दिला.

याआधीची एक गोष्ट तर आणखी मजेची आहे. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. वाद्य परदेशी, सूर ठोक, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, दाखवता येत नाहीत. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या अगदीच खोटे नव्हते. पेटीवर मींड निघत नाही हे पेटीवालेही कबूल करतील. पण ही बंदी चालू होती तेव्हा महाराष्ट्रात गावोगावच्या भजनी मंडळात, कीर्तनात पेटीच वाजत होती, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीवादन ही स्वतंत्र कला म्हणून उभी करून दाखवली होती. ही बंदी ढिली व्हायला १९७१ उजाडावं लागलं. तीस वर्षं सरकारी कानाला जे अभारतीय वाटत होतं ते पंढरीच्या वाटेवर कुणालाच तसं वाटलं नव्हतं.

माझा मुद्दा असा आहे. आवड ज्याची त्याची असते, तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, हे वाक्य आपण रोज म्हणतो आणि रोज मोडतो. ‘मला हे आवडत नाही’ एवढं म्हणून कुणी थांबत नाही. लगेच ‘हे संगीतच नाही’ येतं, त्याच्या मागोमाग ‘हे ऐकणाऱ्यांना अक्कल नाही’ येतं, आणि अधिकार हातात असेल तर ‘हे इथे वाजणार नाही’ येतं. पहिलं वाक्य तुमचं स्वतःचं आहे, त्यावर कुणाचा आक्षेप असायचं कारण नाही. पुढची तीन सार्वजनिक आहेत. ती बोलताना तुम्ही पुरावा द्यायला बांधील आहात, आणि तो पुरावा देण्यासाठी आधी ऐकावं लागतं. खुल्या मनाने ऐकणं याचा मला तेवढाच अर्थ दिसतो. सगळं आवडून घेणं हा तो अर्थ नव्हे.

आवड येते कुठून, हेही जरा बघायला हवं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती माणसाला आवडायला लागते. होलब्रुक आणि शिंडलर या दोघांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या अमेरिकन लोकांना वेगवेगळ्या दशकांतली गाणी ऐकवली. माणसाची ओढ सगळ्यात जास्त दिसली ती त्याच्या वयाच्या २३-२४ च्या सुमारास गाजलेल्या गाण्यांकडे. हा आकडा सगळीकडे तसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण आपापल्या घरात बघितलं तरी पटण्यासारखं आहे. वडिलांना किशोरकुमार, थोरल्या आत्याला अरुण दाते, धाकट्या मामाला इलैयाराजा नाहीतर ए. आर. रहमान. प्रत्येकाचा सुवर्णकाळ ज्याच्या त्याच्या तारुण्यात येतो, हा योगायोग कसा असेल? शिवाय जुन्या काळातलं जे आपल्यापर्यंत पोचतं ते गाळून पोचतं. पन्नासच्या दशकातली फुसकी गाणी कुणी आज लावत नाही, म्हणून ती नव्हतीच असं वाटतं. आजची फुसकी मात्र रोज कानावर पडतात. जुन्याचा निवडक संग्रह एका पारड्यात आणि आजचं सगळं भाराभर दुसऱ्या पारड्यात घालून केलेली तुलना कधीच सरळ होणार नाही.

पण वय आणि सवय एवढ्यावर हे थांबत नाही. महाराष्ट्रात गाण्याच्या आवडीला जात आहे, पत्ता आहे, वाड्या-वस्तीचा वास आहे. हे बोललं की लोक अस्वस्थ होतात, म्हणून जरा उदाहरणाने बोलतो.

प्रल्हाद शिंदे यांचं ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ माहीत नाही असं मराठी घर विरळा. सकाळी देवपूजेच्या वेळी ते लागतं, आषाढीला तर हटकून लागतं. याच प्रल्हाद शिंद्यांनी भीमगीतं गायली, कव्वालीचे सामने गाजवले. हा भाग मात्र ज्या घरात ‘पाऊले चालती’ वाजतं त्यातल्या बऱ्याच घरांच्या उंबऱ्याबाहेर राहिला. त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचं ‘जवा नवीन पोपट हा’ ऐंशीच्या दशकात कॅसेटवरून रिक्षा, ट्रक, लग्नाचे मांडव असं सगळीकडे पोचलं. सुशिक्षित मंडळींनी त्याची यथेच्छ टवाळी केली, आणि हळदीला त्यावर नाचलीही. तिसऱ्या पिढीतले आदर्श शिंदे आज चित्रपटांत आणि मालिकांच्या शीर्षकगीतांत गातात, तिथे कुणी नाक मुरडत नाही. एका घरातल्या तीन पिढ्या. गळ्यातली ती फेक, तो मोकळा, मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज तिघांतही आहे. गळा तोच राहिला, पण देव, बाबासाहेब, पोपट आणि मालिका यांतलं काय त्या गळ्यातून येतंय यावर आपण दार उघडायचं की लावायचं ते ठरवत गेलो.

हलगीचंही तेच. पखवाज चामड्याचा, तबला चामड्याचा, हलगीही चामड्याचीच. एकाला देवळात आणि मैफलीत मान; दुसरी वाजवायला बोलवायचं ते मिरवणुकीत, आखाड्यात, कुणाच्या अंत्ययात्रेला, आणि वाजवणाऱ्याला उभं करायचं बाहेर. हा फरक नादाने केलेला नाही. चांगल्या हलगीवाल्याच्या दोन काड्यांतून निघणारी लय एकदा नीट ऐकली तर तिच्यात किती बारकावे आहेत ते कळतं. पण ती बहुतेक मातंग समाजाच्या हातात राहिली, आणि ऐकणाऱ्याने हाताकडे बघून कानाचा निर्णय घेतला. गोव्यातल्या कलावंतिणींच्या घरांतून मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर आल्या. त्यांच्या गाण्यापुढे मोठमोठे नतमस्तक झाले, पण त्या ज्या समाजातून आल्या त्याकडे बघण्याची नजर बदलायला कितीतरी काळ जावा लागला. केसरबाईंचं भैरवीतलं ‘जात कहाँ हो’ १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर पृथ्वीबाहेर गेलं. सूर्यमालेच्या पलीकडे जायला त्या गाण्याला सोवळ्याची अडचण आली नाही.

लावणीबद्दल तर आपलं ढोंग अगदी शतकभराचं आहे. ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’ ही भूपाळी पहाटे लावून ज्यांचे डोळे मिटतात, त्यांना सांगून बघा की ती ज्या होनाजीच्या नावावर आहे तो लावण्या रचणारा शाहीर होता. त्याच्याच काळातले सोलापूरचे राम जोशी लावण्याही लिहीत आणि कीर्तनंही करत. त्यांच्या काळात या दोन गोष्टी एका माणसात नांदू शकत होत्या. आपण मधल्या काळात भिंत घातली, भूपाळी घरात घेतली आणि लावणी थिएटरच्या गल्लीत सोडली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणूनही पाहिली. एवढं करून ज्यांनी बैठकीची लावणी कधी समोर बसून ऐकली नाही त्यांना वाटतं लावणी म्हणजे उड्या आणि शिट्ट्या. बैठकीच्या लावणीत बाई बसून गाते. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी तिचा अर्थ बदलते: एकदा रुसवा, एकदा थट्टा, एकदा चक्क विनवणी. ठुमरीत बोल बनवतात त्याला जाणकार ‘वाहवा’ देतात. इथेही काम तेच आहे, फक्त भाषा मराठी आणि पत्ता वेगळा. वाईच्या लावणीगायिका यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, वयाची नव्वदी कधीच मागे पडल्यावर.

आणि जे आज शुद्ध म्हणून मिरवतं त्याचं मूळ पाहिलं तर शुद्ध काहीच सापडत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात रंगभूमीवर आलं. त्यात साकी होती, दिंडी होती, कीर्तनातल्या चाली होत्या, लावणीच्या वळणाच्या आणि कानडी मुलखातल्या चाली होत्या. १९११ च्या ‘मानापमाना’त टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-कजरीची वळणं मराठी पदांत आणून बसवली. हे सगळं त्या काळचं मिश्र संगीत होतं, आजच्या भाषेत फ्यूजन. आज नाट्यसंगीत हा मराठी अभिरुचीचा ठेवा आहे, आणि तो ठेवाच आहे, मी स्वतः त्याच्यावर जीव टाकतो. पण फ्यूजन म्हटलं की तोंड वाकडं करणाऱ्याने निदान हा वंशवृक्ष लक्षात ठेवावा. तीच गोष्ट ‘मला वेस्टर्न कळत नाही’ म्हणणाऱ्यांची. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्सालविस अशा गोव्याच्या संगीतकारांनी मुंबईच्या स्टुडिओंत वर्षानुवर्षं व्हायोलिनचे ताफे, स्वरमेळ आणि प्रतिसूर लिहून दिले. आपल्या आवडत्या जुन्या गाण्यांच्या मागे जे भरलेलं आभाळ ऐकू येतं ते तिथून आलंय. कळत नाही म्हणतो, आणि लहानपणापासून गुणगुणतो.

आता इथे हमखास एक आक्षेप येतो: मग काय सगळंच चांगलं म्हणायचं? कुणी बेसूर गायला तरी ‘त्याची शैली’ म्हणायचं?

मुळीच नाही. उलट माझी तक्रार अशी की सरसकट नाक मुरडणाऱ्यांना टीका करता येत नाही. ज्याला सगळ्या लावण्या सारख्याच वाटतात त्याला चांगली लावणी कुठली आणि ढोलकी कीबोर्डमधून काढून, भाव पुसून, नुसती कंबर उरवलेली लावणी कुठली हे सांगता येणार नाही. ते सांगेल वर्षानुवर्षं पुढच्या रांगेत बसून ऐकणारा. भीमगीतांचे जाणते श्रोते वामनदादा कर्डकांची ओळ आणि जयंतीच्या आठवड्यात घाईने जुळवलेली ओळ एका क्षणात वेगळी करतात. हिंदी चित्रपटगीतातला यंत्राने सरळ केलेला सूर ओळखतो तो तेच संगीत रोज ऐकणारा पोरगा. आपल्याला तो सगळाच गोंगाट वाटतो, म्हणून आपली टीका त्याला लागत नाही. प्रत्येक संगीताचे कस आतून ठरलेले असतात. ते समजून घेऊन एखादं गाणं टाकाऊ ठरवलंत तर तुमच्याशी भांडायलाही मजा येईल.

शब्दांचा आक्षेप वेगळा काढून ठेवू, कारण तो गंभीर आहे. बाईला वस्तू करणारी गाणी भरपूर आहेत आणि त्यांच्यावर बोललंच पाहिजे. पण मग मोजपट्टी एकच हवी. ख्याल-ठुमरीच्या बंदिशी उघडून बघा: पनघटाच्या वाटेवर अडवणारा, घागर फोडणारा, मनगट धरून बांगड्या पिचवणारा, आणि ‘जाऊ दे’ म्हणून विनवणारी ती. आपण डोळे मिटून ‘क्या बात है’ म्हणतो, कारण भाषा ब्रज आहे, राग भैरवी आहे आणि वाट अडवणाऱ्याचं नाव कृष्ण आहे. मी त्या बंदिशी टाकून द्या म्हणत नाही. रॅपमधली ओळ ऐकून ज्याला संस्कृतीची चिंता वाटते त्याने ही वहीही एकदा चाळावी, इतकंच.

आवाजाच्या बाबतीतही अशीच गल्लत झालेली आहे. डीजेच्या भिंतींनी कानठळ्या बसतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, तान्ही मुलं दचकून उठतात. ही तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि तिला कायद्याचा आधार आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल म्हणतात; रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकारच्या परवानगीने बारापर्यंत मोकळीक. या मोजमापाला चाल, ताल, जात, धर्म काही कळत नाही. पण आपलं बोलणं बघा. तक्रार डेसिबलची असते आणि वाक्य निघतं ‘काय ही गाणी लावतात!’ मग शंभर ढोल आणि वीस ताशे घेऊन पथक चौकात उभं राहतं तेव्हा त्या काचा हादरवणाऱ्या नादाला आपण परंपरा म्हणतो आणि मोबाइलवर चित्रण करतो. मला ढोल-ताशा आवडतो. तो ५५ च्या कितीतरी वर जातो हेही मला मान्य आहे. मोजायचं तर दोन्ही मोजा. ज्या दिवशी डीजेविरुद्धच्या अर्जातून गाण्यांच्या नावांचा उल्लेख गळेल आणि फक्त वेळ आणि डेसिबल उरतील, त्या दिवशी त्या अर्जाला वजन येईल.

खुलेपणाचा एक आळशी प्रकारही आहे आणि तो हल्ली फार दिसतो. ‘रॅप म्हणजे काय, आपला पोवाडाच की!’ असं म्हणून मोकळं व्हायचं. ऐकायला उदार वाटतं. प्रत्यक्षात यात दोघांवरही अन्याय होतो. पोवाड्यात डफ-तुणतुणं असतं, शाहिराच्या मागे झीलकऱ्यांचं ‘जी जी रं जी’ असतं, एक कथा असते आणि ऐकणाऱ्या समाजाला उभं करायचा हेतू असतो. रॅप १९७३ च्या आसपास न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, तिथल्या काळ्या आणि कॅरिबियन वस्त्यांमधल्या पार्ट्यांत, दोन तबकड्यांवर तालाचा तुकडा लांबवत जन्माला आलं. त्याची गंमत यमकं ओळीच्या आत कुठे दडवलीत, श्वास कुठे चोरलाय, ताल कुठे मुद्दाम मागे खेचलाय यात आहे. धारावीतल्या मुलाने ते मराठी-हिंदीत केलं तर तो त्या परंपरेत काहीतरी स्वतःचं घालतो आहे. परक्या गोष्टीला आपल्या घरातलं नाव दिलं तरच ती स्वीकारता येते, असा ज्याचा नियम आहे त्याचं दार उघडलेलं नाही, त्याने फक्त आरशात पाहिलंय. मला स्वतःला रॅप अजून सलग फार वेळ ऐकवत नाही. माझा कान चालीची वाट बघत बसतो आणि तिथे चाल हा मुद्दाच नसतो. ही माझी मर्यादा झाली. तिचं खापर मी त्या मुलांच्या डोक्यावर का फोडावं?

ऐकणं शिकावं लागतं, हे शास्त्रीय संगीताचे श्रोते सगळ्यात चांगलं जाणतात, म्हणून त्यांच्याकडून जास्त अपेक्षा आहे. पहिल्यांदा बडा ख्याल ऐकणाऱ्याला वाटतं काहीच घडत नाहीये. विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालतं. गवई षड्जाभोवती, म्हणजे ‘सा’भोवती, घुटमळतोय, घड्याळ पुढे सरकत नाही. मग कुणीतरी शेजारी बसून बोट दाखवतं: ही सम, तालाची पहिली मात्रा, आता बघ तो तिच्याकडे कसा येतो. त्यानंतर तेच मिनिट श्वास रोखून जातं. बदल गाण्यात झालेला नसतो. सवाई गंधर्व महोत्सवात तासन्‌तास आलापीला मान डोलवणाऱ्या माणसाला हा अनुभव आलेला असतो, आणि तोच माणूस नातवाच्या फोनवरचं गाणं अर्ध्या मिनिटात निकालात काढतो. आपल्या संगीतासाठी जो धीर नव्या पिढीकडून मागतो, त्यातला थोडा त्याने तिकडेही खर्च करावा. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात देवासला पडून असताना माळव्यातल्या बायकांची लोकगीतं त्यांच्या कानावर पडत होती. ती त्यांनी गांभीर्याने घेतली, त्यातून नवे राग उभे केले, आणि काही परंपरावाद्यांच्या शिव्या खाल्ल्या. ज्याचा कान इतका तयार होता त्याला अंगणातलं गाणं ऐकण्यात कमीपणा वाटला नाही.

दुसऱ्या बाजूलाही हे लागू आहेच. शास्त्रीय गाणं म्हणजे ‘आ-आ-ऊ-ऊ’, पोट दुखतंय का, असली नक्कल करून हशा मिळवणं सोपं आहे, आणि ती करणाराही नाकच मुरडत असतो, फक्त नाक दुसऱ्या दिशेला. अभिजनांचं म्हणून टाकणं आणि खालच्यांचं म्हणून टाकणं यात मला फार फरक दिसत नाही. नावडतीचं मीठ अळणी, ती माजघरातली असो की परसातली.

हे सगळं पूर्वीपेक्षा आज अवघड झालंय, असं मला वाटतं. मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’मध्ये अभंगापाठोपाठ कोळीगीत लागायचं, त्यामागून भावगीत, मध्येच एखादी लावणी. नको असलेलं गाणं सोसूनच हवं असलेलं मिळायचं, आणि त्या सोसण्यात कान नकळत रुंदावायचा. आता फोनमधलं यंत्र आपण कालपर्यंत काय ऐकलं ते बघून उद्याचं वाढतं. तीन नाट्यपदं ऐका, महिनाभर नाट्यपदंच येतील. तुम्हाला जे आवडतं त्याच्या भिंती इतक्या मऊ आहेत की त्या भिंती आहेत हेच कळत नाही. कानात बोंडं घालून बसमध्ये शेजारी बसलेल्या दोघांचं संगीत एकमेकांना कधीच ऐकू येत नाही. त्यामुळे भांडण होत नाही हे खरं, ओळखही होत नाही.

म्हणून ज्यांच्या हातात सार्वजनिक व्यासपीठ आहे त्यांची जबाबदारी वाढते, असं माझं मत आहे. महोत्सवांना अनुदान देणाऱ्या समित्या, दिवाळी पहाटेचे कार्यक्रम ठरवणाऱ्या संस्था, आकाशवाणीची उरलीसुरली केंद्रं, आणि सगळ्यात आधी शाळा. दिवाळी पहाट म्हटली की तीच पाच-पंचवीस भावगीतं आणि नाट्यपदं, निवेदनात त्याच आठवणी. एखाद्या वर्षी त्याच मंचावर बैठकीची लावणी किंवा भीमगीतांचा जलसा ठेवला तर प्रेक्षक उठून जातील ही भीती आयोजक बोलून दाखवतात. थोडे जातीलही. जे बसतील ते पुढच्या वर्षी विचारतील, हा अनुभव तरी एकदा घेऊन बघायला काय हरकत आहे? शाळेच्या स्नेहसंमेलनात कुठली गाणी चालतील याची यादी शिक्षक करतात, ती करायलाच हवी. लहान मुलांच्या तोंडी काय द्यायचं याला मर्यादा असतातच. पण त्या यादीत कोळीनृत्य आणि गोंधळ दरवर्षी असतात, सवयीने, आणि हलगी कधीच नसते. ज्या वर्गात हलगीवाल्याचा मुलगा बसतो, त्या वर्गात ‘आपली लोकवाद्यं’ हा धडा चित्रावर बोट ठेवून शिकवला जातो. त्याच्या बापाला एक दिवस बोलवावं, रीतसर मानधन द्यावं, वर्गात खुर्चीवर बसवावं आणि दोन काड्यांचं काम मुलांना समोरासमोर दाखवायला सांगावं. बाकी आवडायचं की नाही ते मुलं बघून घेतील.